उलट्या धारेचं कुसळ

स्वयंपाकघराच्या दारामागे माझ्या नवऱ्याची, फर्मिनची, रायफल टांगायचे दोन खिळे आहेत. आज ते रिकामे आहेत. रायफल माझ्या मुलीकडे, नेकानेकडे आहे. उजाडलं की ती घोड्यावरून डोंगराची धार ओलांडून पलीकडे वेन्डेल टॅकेटच्या फाटकाशी उतरणार आहे. आणि वेन्डेलनं सगळ्या खोऱ्याला सांगून ठेवलंय की त्या फाटकाच्या आत तिचं पाऊल पडलं तर तो गोळी घालेल. तो बोलतो ते करतो. तीही करते. मी भांडी घासली, ओटा पुसला, पुन्हा पुसला, पण डोळ्यांपुढचं ते फाटक काही हलत नाही. दोघांपैकी कोण आडवं पडलेलं दिसतं ते दर वेळी बदलतं, एवढंच.

नेकाने लहानपणापासून आधी हात उचलते आणि मग बोलते. शाळेत जायच्या वयात एका एडक्यानं तिच्या बापाला मागून धडक देऊन पाडलं, तर हिनं फावड्याच्या दांड्यानं त्याच्या नाकातून रक्त येईपर्यंत मारलं. फर्मिन पडल्या पडल्या ओरडत होता, "अगं पुरे, एडका आहे तो, सैतान नव्हे."

"मग त्याला सांग ना, आइता," ती म्हणाली आणि आणखी एक हाणला.

आमच्या बास्क घरांत, म्हणजे स्पेनच्या डोंगरांतून अमेरिकेत आलेल्या मेंढपाळांच्या घरांत, बापाला आइता म्हणतात आणि आईला अमा. तिनं आम्हा दोघांनाही उलट उत्तरं देताना हे शब्द मात्र कधी सोडले नाहीत.

तिचा एक काळा कुत्रा होता, बेल्ट्झ. एका उन्हाळ्यात त्याच्या नाकात गवताचं कुसळ गेलं. आमच्या माळावर चीट नावाचं गवत माजलंय, ते मूळचं इथलं नाही, पण आता आमच्यापेक्षा जास्त तेच इथलं झालंय. त्याचं कुसळ वाळलं की सुईसारखं होतं. बेल्ट्झ शिंकायचा आणि भिंतीवर रक्ताचे शिंतोडे उडायचे. मग डोळ्याखाली गाठ आली, डोळा बाहेर आला. जनावरांचा डॉक्टर दूर, आणि लोकर काढायचे दिवस. फर्मिननं रायफल काढली आणि कुत्र्याला गोठ्यामागे नेलं. नेकाने बरोबर गेली. मी आडवी आले तर तिनं मला ढकललं. गोळीचा आवाज झाल्यावर बराच वेळ दोघं परत येईनात म्हणून मी गेले, तर ती गुडघ्यांवर बसून बापाच्या चाकूनं ती गाठ कापत होती. पू आणि रक्तातून तिनं ते कुसळ काढलं, फ्रॉकला पुसलं आणि बोटांत धरून फिरवलं. एका बाजूनं गुळगुळीत, दुसऱ्या बाजूनं कातडीत अडकणारं.

"अमा, हे मागे येतच नाही बघ. फक्त पुढे जातं."

मी तिला दोन थपडा मारल्या. नंतर हात धुवायला लावले.

कॉलेजात ती गवतंच शिकली आणि परत येऊन काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, तण खात्यात लागली. ओरेगनच्या या कोपऱ्यात गुरं आणि मेंढ्या पाळणाऱ्यांना गवत ओळखायला शिकवणं म्हणजे पाद्र्याला प्रार्थना शिकवण्यासारखं आहे. तिच्या पहिल्या सभेला लोक आले ते फुकटच्या कॉफीसाठी. मीही गेले होते. तिला चीटबद्दल बोलायचंच नव्हतं, ते तर घरोघरी पोचलंय. तिला बोलायचं होतं ते त्याच्यामागून येणाऱ्या मेडुसाबद्दल. डोक्यावर केसांऐवजी साप असलेल्या बाईचं नाव त्या गवताला दिलंय, कारण त्याचं वाळलेलं कणीस तसंच दिसतं.

"जूनमध्ये टेकडीकडे बघा," ती सांगत होती. "चीट जांभळं पडून वाळायला लागलं आणि मध्येच एखादा हिरवागार पट्टा दिसला, तर खूश होऊ नका."

"हिरवं दिसलं तर माझी गाय खूश होते. मी कशाला रडू?" लायल म्हणून एक जाडा गडी आहे, तो म्हणाला.

"गाय तोंड लावणार नाही तेव्हा रडशील, लायल. त्याच्या पात्यात वाळू असते वाळू. कुजत नाही, नुसतं साठत जातं. खाली दुसरं काही उगवू देत नाही आणि वरून पेट घेतं."

"पण ही तर खारशेपूट आहे," कोणीतरी तिच्या हातातली काडी बघून म्हणालं.

इथेच सगळे चुकतात. खारीच्या शेपटीसारख्या तुऱ्याचं एक गवत आमच्याकडे पहिल्यापासून आहे, चांगलं आहे, वणव्यानंतर तेच आधी उठतं. नेकानेनं दोन काड्या दोन हातांत धरल्या. "चीट मान टाकतं, दारुड्यासारखं. ही दोन्ही ताठ उभी राहतात, म्हणून गोंधळ होतो. आता नीट बघा. मेडुसाला कुसळं दोन तऱ्हेची. लांब असतात ती चपटी, वाळली की पिळवटतात. त्यांच्या बुडाशी आखूड, शिंगांसारखी. खारशेपटीचा तुरा पिकला की त्याचा भुगा होऊन गळतो. मेडुसाचा दाणा गळतो, पण शिंगं दांडीवर तशीच राहतात. आणि तेही समजत नसेल तर उपटून बघा. खारशेपटीचा ठोंब असतो, वर्षानुवर्षांचा, तुमची कंबर जाईल पण तो यायचा नाही. मेडुसा दोन बोटांत येतं. एका वर्षाचा पाहुणा, त्याची मुळं कुठली खोल."

"मला तर दोन्ही सारखीच दिसतात," लायल म्हणाला.

"ये इकडे."

तो गेला. तिनं कुसळ त्याच्या ओठावरून उलटं ओढलं. रक्त आलं. लायलनं तिच्या दंडाला धरून तिला टेबलावर आपटलं, कॉफी सांडली, दोघातिघांनी त्याला मागे खेचलं. सगळ्यात मोठ्यानं हसत होता तो वेन्डेल टॅकेट. "या पोरीला नवरा मिळायचा नाही," तो मला म्हणाला, "पण मार्गो, गवत मात्र टरकून राहील."

वेन्डेल फर्मिनचा जुना दोस्त. डोंगराच्या धारेपलीकडे त्याची जमीन. नेकानेचे पाय पुरत नव्हते तेव्हा त्यानंच तिला मांडीवर बसवून ट्रक चालवायला शिकवला. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

गेल्या ऑगस्टमध्ये कोरड्या विजा पडल्या आणि माळ पेटला. चीट रॉकेल ओतल्यासारखं जळतं. झुडपांमधली मोकळी जागा पूर्वी आग अडवायची, आता तिथेही तेच आहे. मेंढ्या तारेच्या कुंपणाला जाऊन अडकल्या म्हणून फर्मिन तारा तोडायला गेला. वारा फिरला. नेकानेला तो कुंपणाशी सापडला, पक्कड हातातच होती. हात उघडेना. तिनं पक्कड तशीच ठेवली, बापाला ट्रकमध्ये घातलं, घरी आणून माझ्या पुढ्यात ठेवलं आणि रायफल घेऊन परत गेली, कारण मेंढ्या अजून जिवंत होत्या. त्या पळत नव्हत्या. पळायला खूर उरले नव्हते. लोकर जळून कातडीला चिकटली होती, डोळे पांढरे, आणि आवाज करत नव्हत्या, ते सगळ्यात वाईट. अंधार पडेपर्यंत ती गोळ्या घालत होती. वेन्डेल आपणहून आला आणि दुसऱ्या टोकापासून गोळ्या घालू लागला. मधे कुठेतरी दोघं भेटले. तिचा खांदा रायफलच्या धक्क्यांनी काळानिळा झाला होता, तो महिनाभर तसाच होता.

वणव्यात ज्याचं जळलं त्याला गवत न्यायची आमच्याकडे रीत आहे. कोणी सांगावं लागत नाही. मयत झालं की ट्रक यायला लागतात, आणि गठ्ठे कुठून आले, कसले आहेत, हे बघायचं नसतं. गठ्ठा उघडायचा नाही, वास घ्यायचा नाही. देणाऱ्याला कॉफी द्यायची, मटणाचा रस्सा आणि पाव द्यायचा, आणि पुढे कधी त्याचं जळलं तर आपण न्यायचं. सगळ्यात मोठी खेप वेन्डेलची होती. अंगण माणसांनी भरलेलं, निम्मी गंजी उतरवून झाली होती. नेकाने आली, तिनं एका गठ्ठ्याची सुतळी कापली आणि आत हात घातला.

"हे कुठलं?"

"माझ्या वरच्या पट्ट्यातलं. का गं?"

"मेडुसा आहे."

"खारशेपूट आहे ती. माझ्या आज्यानं हेच कापलं, बापानं हेच कापलं."

"खारशेपटीचा गठ्ठा बांधताना भुगा झाला असता. हे बघ, अख्खं कणीस आहे. शिंगं मोज."

"नेकाने, सुतळी बांध," मी म्हटलं.

"अमा, तू आत जा."

वेन्डेलनं आवाज खाली आणला. "पोरी, लोक बघतायत. नाही पटत तर मी उद्या घेऊन जातो, जाळतो. आत्ता बापाच्या नावानं कॉफी पिऊ."

एवढं ऐकून ती थांबली असती तर त्या दिवशी कुणालाच काही झालं नसतं. पण उद्यापर्यंत दाणे माझ्या अंगणात सांडलेले असतील, असं ती म्हणाली आणि गठ्ठे ओढायच्या आकड्यानं पुढचा गठ्ठा फेकला. त्यानं तिचं मनगट पकडलं. तिनं दुसऱ्या हातात आकडा घेऊन फिरवला. तो त्याच्या अंगठ्याखालून शिरला आणि तळहातातून बाहेर आला. त्यानं मोकळ्या मुठीनं तिच्या जबड्यावर मारलं. दात तुटल्याचा आवाज मी दारातून ऐकला. ती पडली, उठली, रक्त थुंकली, डिझेलचा डबा आणला आणि सगळी गंजी माझ्या अंगणात पेटवून दिली. नुकती आगीतून वाचलेली माणसं भिंतीला पाठ लावून ती आग बघत होती. दोन पोरं रडायला लागली.

वेन्डेलनं हात टोपीत गुंडाळला होता. तिच्याकडे त्यानं बघितलं नाही. मला म्हणाला, "फर्मिनच्या नावानं आणलं होतं, मार्गो."

गवत मेडुसाच होतं. मी दुसऱ्या दिवशी राखेच्या कडेला उरलेली कणसं पाहिली, शिंगं तशीच होती. ती बरोबर होती, आणि त्यामुळेच बिघडलं असं मला वाटतं. तेव्हापासून तिनं स्वतःला काही विचारायचं बंद केलं.

वेन्डेलची दोन बोटं आता वळत नाहीत. ख्रिसमसला आमच्याकडे कोणी आलं नाही. वसंतात ती तण काढायची काउंटीची नोटीस लावायला त्याच्या कुंपणाशी गेली, तर ट्रकच्या दाराला भोक पडलं. "दारावरच नेम होता," त्यानं चौकशीला आलेल्या पोलिसाला सांगितलं. "पुढच्या वेळी काचेवर धरीन." पोलीस त्याच्याकडे कॉफी प्याला, मग आमच्याकडे प्याला, आणि दोघांनाही शहाण्यासारखं वागा म्हणून सांगून गेला.

आज सकाळी मी पाव, शेंगांचं कालवण आणि चोरिझोचं तिखट सॉसेज घेऊन वर मेंढ्यांच्या कॅम्पला गेले. रायफल तिच्या खोगिराला होती. वाटेत मी हिरवे गोल पाहिले होते. सगळीकडे चीट वाळून तांबडं झालंय आणि मधे मधे ते गोल, पोपटी, टवटवीत. तिनंही पाहिले होते.

"त्यानं पेरलंय," ती म्हणाली. पावाचा तुकडा तुटलेल्या दाताच्या दुसऱ्या बाजूनं चावत होती. "रात्री येऊन मुठीनं टाकलंय. वाऱ्यानं आलं असतं तर पट्टे झाले असते. हे गोल आहेत."

"आणि तू काय करणार? त्याला गोळी घालणार?"

"आधी विचारणार."

"रायफल घेऊन?"

"तो काय फुलं घेऊन बसलाय?"

"तुझा जबडा अजून नीट बसला नाही, नेकाने."

"त्याचा हात तरी कुठे बसलाय." तिनं पाव खाली ठेवला. "अमा, आइता ज्या गवतामुळे मेला, त्याहून वाईट गवत माझ्या जमिनीत कोणी मुठीनं टाकलं तर मी काय करायचं? नोटीस लावू?"

मी उरलेला पाव फडक्यात बांधला. ती वरच्या कळपाकडे निघाली. आज तिथेच धारेवर झोपणार, आणि उजाडताच पलीकडे उतरणार. धारेवर गाडी जात नाही, फोनही लागत नाही, आणि अंधारात ती चढण मला झेपायची नाही.

उतरताना मी पहिल्या गोलापाशी थांबले. एक काडी उपटली, दोन बोटांत आली. मेडुसाच. पण मी जिथे उभी होते ती झऱ्याजवळची सपाट जागा होती. पुढचा गोल मोठ्या खडकाच्या आडोशाला, त्यापुढचा ॲस्पेनच्या झाडांखाली. बास्क मेंढपाळाच्या घरात दिलेल्या बाईला हे कोणी सांगावं लागत नाही. या मेंढ्यांच्या बसकणी आहेत, कळप रात्री बसायच्या जागा. फर्मिनचा बाप म्हणायचा, एका जागी कळप फार रात्री बसवू नका, जमीन मरते. म्हणून कळप दर थोड्या दिवसांनी पुढच्या जागी बसतो. वेन्डेल रात्री चोरून आला असता तर आमच्या बसकणी एकामागून एक, क्रमानं, शोधत कशाला बसला असता? त्यानं धारेवरून उतरताना दिसेल तिथे टाकलं असतं.

आणि ही उन्हाळ्यातली वरची वाट नव्हे, शरदातली वाट आहे. शरदात आम्ही कळपात एडके सोडतो.

घरी येऊन मी लोकरीच्या खोलीत गेले. मेंढ्यांची लोकर विकली गेली, पण एडक्यांची जाडीभरडी असते म्हणून ती वेगळ्या पोत्यात भरतात आणि व्यापारी तिच्याकडे ढुंकून बघत नाही. पोतं तिथेच होतं. वणव्यात वरचा कळप वाचला, पण खाली असलेले एडके मेले, म्हणून गेल्या शरदात नेकानेनं खालच्या मुलखातून दोन नवे आणले होते. त्यांचे दात बघितले, खूर बघितले, पाठीवर हात फिरवून मांस चाचपलं. एक तिच्या अंगावर आला तेव्हा त्याच्या कानशिलात हाणलीही. पोत्यातली लोकर मी जमिनीवर पसरली आणि मानेचा भाग उलगडला. हात घातला आणि काढताना कातडी सोलली. मुळाशी, चरबीत चिकटून, चपटी पिळवटलेली कुसळं, काहींच्या टोकाला दाणा तसाच. चीटची नव्हेत. चीटची बारीक आणि सरळ असतात. मी एक उलटं ओढून बघितलं, अंगठ्याला रक्त आलं. पोटाच्या लोकरीत तर ती मूठ मूठ होती.

तिनं दुसऱ्याचा प्रत्येक गठ्ठा उघडला. स्वतःच्या एडक्याची मान तिनं कधी उघडून पाहिली नाही. आमच्यात कोणीच पाहत नाही. गवत गवतातून येतं, असं सगळे धरून चालतात.

मी काय करू शकते त्याचा विचार मी केला आहे. पोलिसाला कळवलं तर तो हत्यारबंद माणसं घेऊन त्या फाटकाशी उभा राहील आणि दोन बंदुकांऐवजी सहा होतील. नेकाने दरीच्या बाजूनं येणाऱ्या माणसांना बघून आणखी चिडेल. मी स्वतः गाडी घेऊन निघणार आहेच, पण रात्र सरत आली आहे आणि दरीला वळसा घालून जायचं तर मी पोचेपर्यंत ती खाली उतरलेली असेल. तिला फोन लागत नाही. एकच माणूस आहे ज्याला फोन लागतो.

त्याला सांगायचं म्हणजे सगळं सांगावं लागेल. की आमच्या माळावरचं ते मेडुसा तुझं नव्हे, माझ्या पोरीच्या एडक्यांनी आणलं. तो हे खोऱ्यात सांगेल, त्याला तो हक्क आहे. लायल सांगेल, काउंटीतले सांगतील, तिची नोकरी कदाचित जाईल. मयताला दुसऱ्यानं आणलेल्या गवताला आग लावणारी बाई आपल्याच दारात मेडुसा घेऊन आली, हे तिला मरेपर्यंत ऐकावं लागेल. आणि हे तिच्या आधी मी त्याला सांगितलं, तिच्या वैऱ्याला, हे ती मला कधी माफ करणार नाही. ती माफ करणाऱ्यातली नाही. एडक्यालाही तिनं केलं नव्हतं.

पण मरेपर्यंत ऐकायला ती जिवंत तर असली पाहिजे.

वेन्डेलला हात जायबंदी झाल्यापासून झोप लागत नाही, असं लायलची बायको सांगत होती. तो उचलेल. मी त्याला म्हणेन, मार्गो बोलतेय, फोन ठेवू नकोस, आधी ऐक. उजाडताना ती तुझ्या फाटकाशी येईल. बंदूक घरात ठेव आणि बाहेर येऊन उभा राहा, हात दिसतील असे ठेव, तो जायबंदीही. ती ओरडेल. ओरडू दे. तिला म्हण, अमानं फोन केला होता, ती वाटेत आहे, लोकरीचं पोतं घेऊन येतेय.

त्यानं नाही म्हटलं तर काय, ते मला माहीत नाही. पोतं मी गाडीत टाकलं आहे. त्याचा नंबर अजून फर्मिनच्या अक्षरात भिंतीवर आहे. मी फोन करते.